कात्री भलतीकडे चालली, हे कळतं कसं?

२०२५ च्या मे महिन्यात, ४ तारखेला, दिल्लीत भाताच्या दोन नव्या वाणांची घोषणा झाली. एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचं ‘कमला’, म्हणजे डीआरआर धान १००, सांबा मसुरीपासून काढलेलं. दुसरं दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा डीएसटी राइस १’, एमटीयू १०१० पासून काढलेलं. दोन्ही जीनोम एडिटिंगची. बाहेरचा जनुक आणून घातला नाही, भाताच्याच डीएनएमध्ये ठरलेल्या जागी बारीक बदल केला.

त्या दिवशी मी अंबड तालुक्यात मामांकडे होते. आमच्या बाजूला भात पिकवतंय कोण! तरी मामा बातमी संपेपर्यंत उभे राहिले आणि मग ओट्यावर येऊन म्हणाले, “बाई, तू त्याच लायनीत ना? डीएनए कापला म्हणायलेत. एवढ्या बारीक जिनसात कात्री घातली अन् ती भलतीकडंच चालली तर? कळतंय कसं?”

मी जालन्यात बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर भेसळच शोधत असते. तरी मामांना धड उत्तर द्यायला मला दोन-तीन चकरा लागल्या. पेपरात कात्री किती भारी आहे हे येतं. ती कुठे चुकली हे मोजतात कसं, ते कोणी सांगत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

कात्रीबद्दल थोडक्यात सांगते. कॅस९ हे एक एन्झाइम, म्हणजे काम करणारं प्रथिन. मूळचं जिवाणूंच्या घरचं. विषाणू अंगावर आला की जिवाणू याच्याकडून त्याचा डीएनए तोडून घेतात. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपाँतिए यांनी दाखवून दिलं की या कात्रीच्या हातात आपल्याला हवी ती चिठ्ठी देता येते. चिठ्ठी आरएनएची, तिच्यावर पत्ता २० अक्षरांचा. कात्री डीएनएवरून फिरत जाते, पत्ता जुळला की थांबते आणि दोन्ही धागे कापते. पेशी तो काप घाईघाईने सांधते, सांधताना एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा जास्तीचं शिरतं, आणि जनुक बंद पडतो. कात्री आणि चिठ्ठीच्या या जोडीला क्रिस्पर म्हणतात. या कामाला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता पत्त्याचं. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे आणि पिंपळगाव कोलतेही आहे. लग्नपत्रिकेवर नुसतं ‘पिंपळगाव, ता. भोकरदन’ टाकलं तर पत्रिका कुठे पोचेल, ते वाटणाऱ्याच्या मर्जीवर. २० अक्षरांचा पत्ता ऐकायला लांबलचक वाटतो. डीएनएची अक्षरं चार, त्यामुळे २० अक्षरांचे वेगवेगळे पत्ते साधारण १ लाख १० हजार कोटी होतात. कपाशीचा अख्खा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, सुमारे २३० कोटी अक्षरांचा. म्हणजे एकाच पत्त्याची दोन गावं योगायोगाने निघणं जवळजवळ अशक्य.

पण कात्री पत्ता वाचते आपल्या पोस्टमनसारखा. एखादं अक्षर चुकलं तरी पत्र पोचवतो. हाच तिचा गुण आणि हाच दोष.

एकदा मी वहीत हिशेब मांडून पाहिला. कॅस९ कापायला बसायच्या आधी एक खूण शोधते. पत्त्याला लागून, कोणतंही एक अक्षर आणि त्यापुढे दोन ‘जी’. या खुणेला पॅम म्हणतात. खूण नसेल तर कात्री तिथे थांबतसुद्धा नाही. अक्षरं कशीही विखुरलेली आहेत असं धरलं, तर कपाशीच्या दोन्ही धाग्यांवर मिळून अशा खुणा २८-२९ कोटी निघतात. पूर्ण २० अक्षरं जुळणारी दुसरी जागा हवी, तर उत्तर शून्यच म्हणायचं. तीन अक्षरांपर्यंतची चूक चालवून घेतली की निव्वळ योगायोगाने आठ-नऊ जागा निघतात. चार अक्षरांपर्यंत चालवली की शंभराच्या वर. एका अक्षराची सूट वाढवली आणि यादी बारा-तेरा पटींनी फुगली! सगळा प्रश्न या सुटीचा आहे. कात्री किती चूक चालवून घेते, हे मोजायचं.

ती सगळीकडे सारखी सूटही देत नाही. पॅमच्या लगतची दहा-बारा अक्षरं ती डोळ्यात तेल घालून वाचते, तिथे चूक असेल तर बहुतेकदा सोडून देते. पत्त्याचं लांबचं टोक मात्र उरकून टाकते, दमलेला तलाठी सातबारा वाचतो तसं. म्हणून ‘तीन चुका’ एवढं सांगून भागत नाही. त्या कोणत्या टोकाला आहेत, हे विचारावं लागतं.

कपाशीत आणखी एक घोळ आहे. आपण लावतो ती अमेरिकन कपाशी मुळात दोन वेगळ्या पूर्वजांचं एकत्र कुटुंब. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोघांचा संकर झाला आणि दोघांचेही गुणसूत्रांचे संच तिने तसेच ठेवले. म्हणून २६ जोड्या. बहुतेक जनुकांच्या दोन जवळपास सारख्या प्रती असतात, एक या पूर्वजाकडची आणि एक त्या. दोन्ही बंद करायच्या असतील तर सोपं, एकच चिठ्ठी पुरते. एकीलाच हात लावायचा असेल तर मात्र रेणुकाई आणि कोलते यांच्यातला फरक नेमका पॅमजवळच्या अक्षरांत सापडायला हवा. योगायोगाचा माझा वहीतला हिशेब इथे कोलमडतो, कारण या जागा योगायोगाने सारख्या नाहीत, त्या भाऊबंदकीतल्या आहेत.

(कोणी विचारायच्या आत सांगते, आपली २००२ पासूनची बीटी कपाशी हा वेगळा प्रकार. तिच्यात जिवाणूचा जनुक बाहेरून घातलेला आहे.)

मोजायची पहिली पायरी कॉम्प्युटरची. पत्ता दिला की एवढ्या चुकांपर्यंत जुळणाऱ्या सगळ्या जागांची यादी तो काढून देतो. पण यादीवरच्या बहुतेक जागांना कात्री प्रत्यक्षात हातही लावत नाही, आणि कधीकधी यादीबाहेर एखादी जागा कापून ठेवते. मतदार यादी पाहून मतदान किती झालं ते सांगता येत नाही, तसंच. शेवटी कात्री चालवूनच बघावी लागते.

२०१३ साली हार्वर्डच्या डेव्हिड लियू यांच्या गटाने कात्रीची पद्धतशीर परीक्षा घेतली. पेशी बाजूला ठेवल्या आणि परीक्षानळीत सुमारे एक लाख कोटी डीएनए रेणू घेतले, सगळे मूळ पत्त्याची कमीजास्त बिघडवलेली रूपं. त्यात कात्री सोडली आणि कापले गेलेले तेवढे वेचून त्यांची अक्षरं वाचली. कोणत्या घरातली कोणती चूक कात्री पचवते याचा तक्ताच तयार झाला. त्यातला एक निष्कर्ष माझ्या फार उपयोगी पडतो. कात्रीचं प्रमाण वाढवलं की तिची सूटही वाढते. तणनाशकाचा डोस वाढवला की तणाबरोबर पीक होरपळतं, तसं. म्हणजे ‘या एन्झाइमचा नेमकेपणा इतका’ असा एकच आकडा कोणी तोंडावर फेकला तर विचारायचं, किती मात्रेला? किती वेळ ठेवून?

परीक्षानळीतच, पण खराखुरा पूर्ण जीनोम घेऊन करायच्या पद्धती नंतर आल्या. कोरियात २०१५ मध्ये निघालेली डायजिनोम-सीक माझी आवडती, कारण तिचा निकाल डोळ्यांना दिसतो. पेशीतून डीएनए काढायचा, साफ करायचा, त्यात कात्री सोडायची आणि मग सगळा जीनोम वाचायचा. वाचण्यासाठी डीएनएचे तुकडे करावेच लागतात, पण ते कसेही होतात. एकाचं टोक इथे, दुसऱ्याचं तिथे. स्क्रीनवर हे तुकडे एकाखाली एक मांडले की कडा वेड्यावाकड्या दिसतात, शेवरीच्या काटक्या रचल्यासारख्या. पण कात्रीने जिथे कापलंय तिथले सगळे तुकडे एकाच अक्षरावर सुरू होतात. वेड्यावाकड्या कडांच्या मधोमध एकदम सरळ उभी रेघ दिसते, गवंड्याने ओळंबा सोडून आखल्यासारखी. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून घेतली होती.

तिची अडचण खर्चाची. एक रेघ शोधायला अख्खा जीनोम अनेकदा वाचावा लागतो, आणि क्वचित होणारे काप गर्दीत हरवतात. त्यावर २०१७ मध्ये सर्कल-सीकने नामी युक्ती काढली. डीएनएचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची दोन टोकं जोडायची आणि बांगड्या बनवायच्या. ज्या तुकड्यांच्या बांगड्या झाल्या नाहीत ते नष्ट करून टाकायचे. मग कात्री सोडायची. बांगडीला टोक नसतं, ते फुटल्यावरच येतं. टोक असलेलं तेवढं वाचायचं, म्हणजे जवळजवळ फक्त कापलेलंच वाचलं जातं. (माझी आजी बांगडी ‘फुटली’ म्हणू द्यायची नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. प्रयोगशाळेत मात्र फुटलेल्यांचीच वाट बघतो.)

या बांगड्यांच्या पद्धतीत भरमसाट जागा सापडतात. बघणारा घाबरतो. पण साफ केलेला उघडा डीएनए म्हणजे भर बाजारात मांडलेलं दुकान. जिवंत पेशीत डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, निम्मी दुकानं शटर पाडून बसलेली असतात. परीक्षानळीत कात्री जिथे पोचली तिथे पेशीत पोचेलच असं नाही. परीक्षानळी सांगते, कुठे कापू शकते. पेशी सांगते, कुठे कापलं. माझ्या मते अर्धे वाद या दोन वाक्यांची गल्लत केल्यामुळे होतात.

मग पेशीत कसं बघायचं? पेशी तर काप सांधून मोकळी होते. गाइड-सीक ही पद्धत, २०१५ मधली, पेशीत कात्रीबरोबर डीएनएचा ३४ अक्षरांचा छोटा, ओळखीचा तुकडा सोडते. काप सांधताना पेशी तो तुकडा मध्येच दडपून टाकते, घाईत गोणपाट शिवताना आत सुतळीचा तुकडा अडकावा तसा. नंतर अख्ख्या जीनोममध्ये ती ओळखीची सुतळी शोधायची. ती जिथे सापडेल तिथे कधीतरी काप पडला होता. पण हा तुकडा पेशीत घुसवणं सगळ्या पेशींना सोसत नाही.

२०१९ मध्ये डिस्कव्हर-सीक आली. ती बाहेरचं काही घालत नाही. डीएनए तुटला की दुरुस्तीला पहिल्यांदा धावणाऱ्या प्रथिनांत एमआरई११ नावाचं एक आहे. ते ज्या डीएनएवर बसलंय त्यासकट त्याला पकडायचं आणि तो डीएनए वाचायचा. मामांना हे एका वाक्यात समजलं. रात्री लाइट गेली की फॉल्ट कुठाय हे शोधत कोणी बसत नाही, लाइनमन कोणत्या डीपीवर चढलाय ते बघतात. मात्र लाइनमन उतरून गेल्यावर काही कळत नाही. इथेही त्या घडीला जे तुटलेलं असेल तेच दिसतं.

एवढं करून हाती येते ती संशयितांची यादी. शेवटची पायरी पंचनाम्याची. यादीतली एकेक जागा घ्यायची, पेशींच्या डीएनएमधून तेवढ्याच भागाच्या पीसीआर या पद्धतीने भरपूर प्रती काढायच्या आणि तो हजारो वेळा वाचायचा. किती वेळा मूळ अक्षरं दिसली, किती वेळा बिघडलेली, यावरून टक्केवारी येते. काम साधं वाटतं, आणि तिथेच मी एकदा तोंडावर पडले.

नोकरीच्या आधी एका प्रयोगशाळेत शिकाऊ होते. एका संशयित जागेवर मला ०.४ टक्के वाचनांत एक अक्षर गळालेलं दिसलं. ऑफ टार्गेट, म्हणजे भलत्या जागचा काप, सापडलं! मी आकडे रंगवले, आलेख काढला आणि दुपारच्या चहाला सगळ्यांना दाखवला. आमच्या ताईंनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, “न कापलेल्याचं कुठंय?” मी कात्री न सोडलेला नमुना चालवलाच नव्हता. दोन दिवसांनी चालवला. त्यातही ०.४ टक्केच. त्या जागेवर ‘टी’ हे अक्षर ओळीने दहा वेळा होतं, आणि अशा ठिकाणी पीसीआर स्वतःच अडखळतो. जपमाळ ओढताना एखादा मणी निसटावा, तसं. कात्री बिचारी तिकडे फिरकलीही नव्हती.

तेव्हापासून कोणाचाही आलेख पाहिला की मी आधी न कापलेल्याचा रकाना शोधते. मोठ्यामोठ्यांचंही इथे अडलंय. २०१७ मध्ये एका नामांकित नियतकालिकात निबंध आला की क्रिस्परने दुरुस्त केलेल्या उंदरांत भलत्याच जागी हजारावर बदल सापडले. खळबळ उडाली, क्रिस्पर कंपन्यांचे शेअर घसरले. निबंध नीट वाचला तर दुरुस्त केलेले उंदीर दोन, आणि तुलनेला उंदीर एकच. उंदरा-उंदरांत जन्मजात फरक असतातच. दोन भावांचे चेहरे चुलत्याशी जुळले नाहीत म्हणून दवाखान्याला दोष द्यावा, तसला प्रकार. २०१८ मध्ये निबंध मागे घेतला गेला. घसरलेल्या शेअरांची बातमी जितक्या लोकांनी वाचली, तितक्यांनी ही वाचली असेल असं मला वाटत नाही.

कपाशीवर २०१९ मध्ये हेच काम नीट झालं. कात्री चाललेली झाडं, टिश्यू कल्चरमधून काढलेली पण कात्री न चाललेली झाडं आणि साधी झाडं, तिघांचे पूर्ण जीनोम वाचले. फरक भरपूर सापडले, पण बहुतेक सगळे मुळातले, नाहीतर टिश्यू कल्चरने आणलेले. कात्रीच्या खात्यावर टाकता येतील असे बोटांवर मोजण्याइतके. बरणीत रोप वाढवणं हेच डीएनएला कात्रीपेक्षा जास्त छळतं.

आता खरी गंमत शून्याची. रिपोर्टवर येतं, ‘ऑफ टार्गेट आढळले नाही.’ यावर मी माझ्या रोजच्या कामातून सांगते. बियाण्याच्या शुद्धतेसाठी आम्ही प्लॉट लावतो, ग्रो आउट टेस्ट. समजा ४०० झाडं मोजली आणि एकही भेसळ दिसली नाही. मग भेसळ शून्य का? नाही. अशा वेळचा ठोकताळा आहे, तीनला ४०० ने भागा, पाऊण टक्का येतो. खरी भेसळ पाऊण टक्क्यापर्यंत असली, तरी माझ्या ४०० झाडांत ती न दिसणं अगदी शक्य आहे. ९५ टक्के खात्रीने मी एवढंच म्हणू शकते की भेसळ पाऊण टक्क्याच्या आत आहे. शून्य भेसळ आणि शून्य दिसलेली भेसळ यांच्यात माझी चाळणी उभी आहे.

डीएनएच्या वाचनालाही हेच लागू. १० हजार वाचनांत एकही बिघाड नाही, तर बिघाड ०.०३ टक्क्याच्या आत, असं गणित म्हणतं. पण वाचणारं यंत्रही चुकतं, साधारण हजारात एखादं अक्षर. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने ०.१ टक्क्याच्या खालचं काही छातीठोक सांगता येत नाही. त्यात आणखी एक चकवा. डीएनए जर हजारच पेशींचा घेतला असेल, तर वाचनं १० हजार असली तरी तेच दाणे पुन्हापुन्हा मोजलेले. वाचनं किती हे सगळे छापतात. पेशी किती होत्या, ते शोधावं लागतं.

०.१ टक्का म्हणजे कितीसं? कपाशीत काहीच नाही. मी एक झाड निवडणार, त्याचं बी धरणार, त्याचा जीनोम वाचणार. भलता बदल असेल तर मूळ वाणाशी दोन-तीनदा संकर करून तो बाहेर काढणार किंवा झाडच उपटणार. खरं सांगायचं तर पिकांच्या बाबतीत या मोजमापाचा जरा जास्तच बाऊ होतो. आपल्याकडे उन्हाळी भुईमुगात घराघरात पेरला गेलेला टीएजी २४ हा ट्रॉम्बे आणि अकोल्याचा वाण. तो किरणांचा मारा करून मिळवलेल्या भुईमुगांच्या वंशातला आहे. किरणांनी आणखी कुठे काय मोडलं, हे कोणी मोजलं नव्हतं. शेंगा मोजल्या.

माणसाचं गणित वेगळं. रक्तपेशी सदोष करणाऱ्या सिकलसेल आजारावर कॅस्जेव्ही या क्रिस्पर उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यावर कात्री चालवायची आणि परत द्यायच्या. वजनाच्या दर किलोमागे कमीत कमी ३० लाख पेशी. ५० किलोच्या माणसाला १५ कोटी. यातल्या ०.१ टक्का म्हणजे दीड लाख पेशी. ‘आढळले नाही’ या दोन शब्दांखाली दीड लाख पेशी लपू शकतात, आणि त्या उपटून फेकता येत नाहीत. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतील. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, म्हणून अमेरिकेत ३१ ऑक्टोबर २०२३ ला तज्ज्ञांची बैठक याच एका मुद्द्यावर दिवसभर चालली.

त्या उपचाराच्या चिठ्ठीबद्दल २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने जे दाखवलं, ते मला नांदेडच्या किनवट-माहूर भागामुळे जवळचं वाटतं. तिकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. ऑफ टार्गेट शोधताना सगळे ‘संदर्भ जीनोम’, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेला नमुन्याचा जीनोम, घेऊन बसतात, आणि त्या संदर्भातला सुमारे ७० टक्के भाग एकाच माणसाचा आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत साधारण ४.५ टक्के वारंवारतेने आढळणारा एका अक्षराचा फरक असा निघाला की तो असेल तिथे नवा पॅम तयार होतो आणि कात्रीला एक नवी जागा मिळते. संदर्भ जीनोममध्ये ती जागाच नाही, मग कोणत्या चाळणीत सापडणार? दुसऱ्याच गावचा नकाशा घेऊन आपल्या गावातली पिंपळगावं मोजण्यासारखं झालं. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले, त्याचा एक उपयोग इथे आहे. किनवटच्या पोरीसाठी चिठ्ठी लिहायची असेल, तर तिच्या लोकांची अक्षरं आधी माहीत हवीत.

कात्री सुधारण्याचे प्रयत्न अर्थातच चालू आहेत. २०१६ मध्ये कॅस९ ची काही अमिनो आम्लं बदलून डीएनएवरची तिची पकड मुद्दाम सैल केली. पकड सैल झाली की अर्धवट जुळणाऱ्या जागेवर तग धरता येत नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये वेगळ्या जिवाणूची कात्री दाखवली, एफएनकॅस९ नावाची. ती जात्याच चिकित्सक आहे, चुकीच्या पत्त्यावर फारशी बसतच नाही. करोनाच्या काळात मान्यता मिळालेली फेलुदा चाचणी तिच्या याच स्वभावावर उभी होती.

पण काही नव्या हत्यारांनी चाळणीच निकामी केली. बेस एडिटर दोन्ही धागे कापत नाही, जागेवर जाऊन एक अक्षर घासून दुसरं करतो. आरपार काप नाही म्हणजे टोक नाही, टोक नाही म्हणजे जुन्या पद्धतीने बांगडी फोडून शोधायची सोय नाही. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी भाताच्या झाडांचे पूर्ण जीनोम वाचले तेव्हा दिसलं की ‘सी’चा ‘टी’ करणारे त्या वेळचे एडिटर चिठ्ठीशी काही संबंध नसलेल्या जागांवरही अक्षरं बदलत सुटले होते. ‘ए’चा ‘जी’ करणारे मात्र तसे वागले नाहीत. चिठ्ठीसारख्या दिसणाऱ्या जागांची यादी घेऊन बसलेल्याला यातलं काहीच दिसलं नसतं. तो पत्ते तपासत बसला आणि माणूस पत्ता न बघताच दारं ठोठावत गेला. पुढे हे एडिटर बरेच सुधारले, पण मोजणाऱ्यांनी धडा घेतला: हत्यार बदललं की आधी चाळणी तपासायची.

मृगाच्या तोंडावर पुन्हा अंबडला गेले. मामांनी सरकीची पाकिटं आणून कोनाड्यात ठेवली होती. मी शून्याची आणि ४०० झाडांची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग उठून एक पाकीट घेऊन आले, चष्मा लावला आणि उजेडाला धरून पाठीमागचं बारीक छापलेलं सगळं वाचून काढलं. उगवण किती टक्के, शुद्धता किती टक्के, लॉट नंबर, तारीख.

“किती झाडं मोजून लिहिलंय, ते कुठंय गं?”

“ते नसतं मामा.”

“बरंय,” म्हणाले, आणि पाकीट परत कोनाड्यात ठेवून पाऊस बघायला बाहेर गेले.